उमाबाई दाभाडे

पुणे शहराच्या पश्चिमेस मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या टापूत मारुंजी नावाचे गाव आहे. शेजारच्या हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्यापासून हा सारा परिसर गजबजून गेला आहे. मारुंजीहून उत्तरेकडे निघून पवना ओलांडली, म्हणजे काही कोसांच्या आतच तळेगाव लागते. महाराष्ट्रात तळेगाव नावाची गावे पुष्कळ आहेत. म्हणून या गावाच्या नावापुढे ‘दाभाडे’ हे आडनाव जोडण्याची रीत पडली. एखाद्या घराण्याचे आडनाव सबंध गावाच्या नावात मिसळून जावे, ही काही साधी गोष्ट नव्हे. अठराव्या शतकात मराठी राज्याचे सेनापतिपद या दाभाडे घराण्यात होते. तलवार गाजविणारे अनेक पुरुष या घराण्यात होऊन गेले. परंतु घराण्यावर सर्वांत कठीण प्रसंग ओढवला, तेव्हा त्याचा भार एका स्त्रीने उचलला. तिचे नाव उमाबाई.

दाभाड्यांचे नाव प्रथम पुढे आले ते येसाजी दाभाडे यांच्यामुळे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या विश्वासातील माणसांत त्यांची गणना होत असे. पुढे मोगलांनी महाराष्ट्र व्यापला आणि राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर आश्रय घ्यावा लागला. त्या संकटाच्या काळात येसाजी आणि त्यांचे पुत्र खंडेराव यांनी महाराजांची साथ सोडली नाही. वैभवाच्या दिवसांत राजाभोवती माणसांचा मेळा जमतो. परंतु विपत्तीत जे जवळ राहतात, त्यांचीच पारख खरी ठरते. दाभाडे घराण्याच्या कीर्तीचा पाया अशा पडत्या काळात घातला गेला.

या खंडेरावांची पत्नी म्हणजे उमाबाई. त्यांचे माहेर आजच्या नाशिक जिल्ह्यात अभोणा येथील ठोके-देशमुखांच्या घराण्यात होते. त्यांचे वडील देवराव ठोके हे त्या भागातील एक वजनदार गृहस्थ. अभोण्याच्या जवळच सप्तशृंगी देवीचा गड आहे. हा गड अतिशय अवघड. त्याचे कडे ताशीव आणि वाट निसरडी. दर्शनास जाणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्या माणसांचे त्या चढावर फार हाल होत. सन १७१० मध्ये उमाबाईंनी या गडावर दगडी पायऱ्या बांधविल्या. त्यांची संख्या ४७० असल्याचे सांगतात. सासरी मोठे ऐश्वर्य असूनही माहेरच्या डोंगरावरील गोरगरीब यात्रेकरूंची अडचण या सेनानीपत्नीच्या मनातून गेली नव्हती, हे यावरून दिसून येते.

इकडे खंडेरावांचा पराक्रम दिवसेंदिवस वाढत होता. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले. पुढे खंडेरावांनी त्यांचा पक्ष धरला. बागलाण, खानदेश आणि गुजरात हे त्यांच्या स्वाऱ्यांचे क्षेत्र होते. बऱ्हाणपुराहून सुरतेकडे जाणारा रस्ता त्या काळी व्यापाराचा राजमार्ग समजला जाई. त्या रस्त्यावर खंडेरावांनी जागोजाग आपली ठाणी बसविली. तेथून जाणाऱ्या मालावर ते चौथाई वसूल करीत. चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा. दख्खनच्या मोगल सुभेदाराने त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी मोठी फौज पाठविली. परंतु खंडेरावांनी तिला डोंगराळ मुलखात गाठून तिची दाणादाण उडविली. सन १७१७ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना सेनापतिपद दिले. पुढे पेशवे बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह दिल्लीस गेले, तेव्हा सेनापतीही त्या स्वारीत होते.

सेनापतिपद हे नुसते मानाचे पद नव्हते. हाताखाली हजारो स्वार बाळगणे, त्यांचा पगार भागविणे, मुलूख जिंकणे आणि जिंकलेला मुलूख राखणे, एवढी मोठी जबाबदारी त्या पदाबरोबर येत असे. या कामी खंडेरावांनी अनेक गुणी माणसे हाताशी धरली. गायकवाड घराण्यातील दमाजी आणि त्यांचे पुतणे पिलाजी हे त्यांतील प्रमुख होत. याच गायकवाडांचे वंशज पुढे बडोद्याचे राजे झाले. म्हणजे बडोद्याच्या राज्याचे मूळ दाभाड्यांच्या चाकरीत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

तळेगावच्या वाड्यात दर वर्षी श्रावण महिन्यात मोठा दानधर्म होत असे. दूरदूरच्या विद्वान शास्त्र्यांना तेथे दक्षिणा मिळे. हे दान पुढे कोणकोणत्या वळणांनी गेले, हे पाहण्यासारखे आहे. काही वर्षांनंतर ही दक्षिणा तळेगावाऐवजी पुण्यास पेशवे देऊ लागले. पेशवाईनंतर इंग्रजांचा अंमल आला, तेव्हा त्या दक्षिणेच्या रकमेतील काही भाग विद्येकडे वळविण्यात आला आणि १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुण्यातील प्रसिद्ध डेक्कन कॉलेजचा उगम या पाठशाळेत आहे.

सन १७२९ च्या सप्टेंबर महिन्यात खंडेराव वारले. उमाबाईंच्या पदरी त्र्यंबकराव, यशवंतराव आणि बाबूराव असे तीन पुत्र व तीन कन्या होत्या. पुढील वर्षाच्या आरंभी थोरले पुत्र त्र्यंबकराव यांना सेनापतिपदाची वस्त्रे मिळाली. ते शूर होते, मानी होते आणि तरुण होते. त्या वेळी पेशवेपदावर असलेले पहिले बाजीराव हेही तसेच शूर, मानी आणि तरुण होते. एकाच राज्याचे हे दोन आधारस्तंभ. परंतु त्यांच्यात लवकरच वितुष्ट आले.

वादाचे मूळ गुजरातेत होते. गुजरातेत चौथाई आणि सरदेशमुखी गोळा करण्याचा हक्क आपल्या घराण्याचा आहे, असे दाभाड्यांचे म्हणणे होते. कारण त्या प्रांतात घाम आणि रक्त त्यांच्या माणसांनी सांडले होते. उलट, सर्व प्रांतांचा कारभार एका सूत्रात बांधला गेला पाहिजे आणि गुजरातच्या वसुलात आपलाही भाग असला पाहिजे, अशी बाजीरावांची भूमिका होती. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य होते. परंतु जेथे दोन्ही पक्षांना आपलेच खरे वाटते, तेथे तिसऱ्याचे फावते. हैदराबादचा निजाम ही संधी पाहतच होता. त्र्यंबकरावांनी त्याच्याशी संधान बांधले आणि बाजीराव फौज घेऊन गुजरातेवर चालून गेले.

१ एप्रिल १७३१ या दिवशी बडोद्याजवळ डभईच्या परिसरात दोन्ही मराठी फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. एका बाजूस मराठी राज्याचा पेशवा, तर दुसऱ्या बाजूस त्याच राज्याचा सेनापती. त्र्यंबकरावांचे सैन्य संख्येने मोठे होते. लढाईचा रंग पालटून त्यांचे पुष्कळ लोक मागे हटले. तरीही ते हत्तीवर बसून निकराने लढत राहिले. इतक्यात एक गोळी त्यांना लागली आणि ते गतप्राण झाले. बाजीरावांचा जय झाला. परंतु या जयाचा आनंद मानावा असे त्यात काही नव्हते, कारण रणांगणावर पडलेले बहुतेक वीर मराठी राज्याचेच होते.

ही वार्ता तळेगावास पोहोचली तेव्हा उमाबाईंच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पतीच्या निधनास पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. आता कर्तासवरता पुत्रही गेला. आणि तो परक्या शत्रूच्या हातून नव्हे, तर आपल्याच राज्याच्या पेशव्याशी लढताना. उमाबाईंच्या हाताशी अजून फौज होती. गायकवाडांसारखे सरदार होते. सूड घेण्याचे मनात आणले असते, तर मराठी राज्यात आपसांतील युद्धाचा वणवा पेटावयास वेळ लागला नसता.

शाहू महाराजांनी हा धोका ओळखला. त्यांनी स्वतः तळेगावास जाऊन पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या या मातेचे सांत्वन केले आणि दाभाडे व पेशवे यांच्यात समेट घडवून आणला. माळव्याचा कारभार पेशव्यांनी पाहावा, गुजरातचा सेनापतींनी पाहावा आणि गुजरातच्या वसुलाचा अर्धा भाग सरकारी खजिन्यात भरावा, असे ठरले. सेनापतिपद दाभाडे घराण्यातच राहून ते त्र्यंबकरावांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना मिळाले. उमाबाईंनी हा तह मान्य केला. त्यांच्या मनातील दुःख त्यामुळे नाहीसे झाले नाही. बाजीरावांविषयीची अढीही कायम राहिली. तथापि त्यांनी आपल्या दुःखापायी राज्यात पुन्हा लढाई पेटू दिली नाही. मनातला राग गेल्यावर शांत राहणे सोपे असते. राग असताना हात आवरणे हे फार कठीण असते.

यशवंतराव त्या वेळी वयाने लहान होते. म्हणून पद मुलाच्या नावे आणि कारभार आईच्या हाती, अशी व्यवस्था झाली. सनदा व हुकूम पाहणे, सरदारांना कामे नेमून देणे, फौजेच्या खर्चाची तोंडमिळवणी करणे ही सारी कामे उमाबाई करू लागल्या. पतीच्या निधनानंतर स्त्रियांनी घराच्या चार भिंतींत दिवस कंठावेत, अशी त्या काळची रूढी होती. अशा काळात एक विधवा स्त्री राज्याच्या सेनेचा कारभार पाहत होती. याच कारणासाठी लोक उमाबाईंचा उल्लेख सरसेनापती असा करतात.

त्यांच्या कर्तृत्वाची कसोटी लागण्यास फार दिवस लागले नाहीत. त्या वेळी मारवाडचा राजा अभयसिंग हा दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार म्हणून गुजरातेत होता. रणांगणावर पिलाजी गायकवाडांना आवरणे त्याला जड जाऊ लागले. तेव्हा त्याने कपटाचा आश्रय केला. सन १७३२ मध्ये डाकोर या तीर्थक्षेत्री बोलणी करण्याच्या मिषाने आपली माणसे पाठवून त्याने पिलाजींचा खून करविला. पाठोपाठ बडोदेही त्याच्या ताब्यात गेले. गुजरातेतील मराठ्यांचे ठाणे आता उखडले जाणार, असे सर्वांना वाटू लागले.

तळेगावच्या वाड्यात ही बातमी आली. सेनापती अल्पवयीन आणि गुजरातेतील मुख्य सरदार मारला गेलेला. अशा वेळी उमाबाई स्वतः मोहिमेस निघाल्या. त्यांनी मोठी फौज गोळा केली. पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड आणि कंठाजी कदम बांडे यांना बरोबर घेतले आणि सह्याद्री ओलांडून त्या गुजरातेत उतरल्या. सन १७३३ मध्ये मराठी फौजेने अहमदाबादेपर्यंत धडक मारली. अहमदाबाद म्हणजे गुजरात सुभ्याची राजधानी. भक्कम तटबंदी असलेले संपन्न शहर. या फौजेपुढे आपला निभाव लागणार नाही, हे अभयसिंगाने ओळखले आणि तह केला. चौथाई व सरदेशमुखी देण्याचे त्याने कबूल केले. शिवाय अहमदाबादच्या उत्पन्नातून ऐंशी हजार रुपये देण्याचेही मान्य केले. पुढल्याच वर्षी बडोदे पुन्हा गायकवाडांच्या हाती आले. ते नंतर दीर्घकाळ त्यांच्याकडेच राहिले.

या विजयाने उमाबाईंची कीर्ती सर्वत्र पसरली. शाहू महाराजांनी साताऱ्यास त्यांचा गौरव केला आणि त्यांना पायांत घालण्यासाठी सोन्याचे तोडे दिले, असे सांगितले जाते. पायांत सोने घालण्याचा मान त्या काळी फार थोड्यांना मिळत असे.

यानंतर पुष्कळ वर्षे गुजरातचा कारभार उमाबाईंच्या नावाने चालला. परंतु काळाची चक्रे हळूहळू उलट फिरू लागली. यशवंतराव मोठे झाले, पण वडिलांचे वा बंधूंचे तेज त्यांच्या अंगी आले नाही. व्यसनांनी त्यांना घेरले. सेनापतीच दुबळा म्हटल्यावर हाताखालचे सरदार प्रबळ होऊ लागले. गुजरातेत प्रत्यक्ष काम गायकवाड करीत होते. त्यामुळे लोक त्यांनाच धनी मानू लागले. पदवी वारशाने मिळते. ती पेलण्याचे सामर्थ्य मात्र ज्याचे त्याने मिळवावे लागते. दाभाड्यांच्या घरी पदवी होती आणि ती पेलण्यास एकटी वृद्ध आई होती.

सन १७४० मध्ये बाजीराव वारले आणि त्यांचे पुत्र नानासाहेब पेशवे झाले. सन १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराजही निवर्तले. दाभाडे आणि पेशवे यांच्यामधला दुवा त्यामुळे नाहीसा झाला. ठरल्याप्रमाणे गुजरातच्या वसुलाचा अर्धा भाग दाभाड्यांकडून येत नव्हता. पण पुत्रशोकाने पोळलेल्या मातेवर सक्ती करणे शाहू महाराजांना बरे वाटले नव्हते. आता राज्यावर कर्ज फार झाले होते आणि खजिन्यात पैसा नव्हता. म्हणून नानासाहेबांनी गुजरातच्या वाट्याची मागणी नेटाने सुरू केली. उमाबाईंनी आपला वकील त्यांच्याकडे पाठविला; परंतु काही निष्पन्न झाले नाही. शेवटी नोव्हेंबर १७५० मध्ये त्या स्वतः आळंदीस जाऊन पेशव्यांना भेटल्या. पूर्वीचा करार आपल्यावर लादलेला होता, तेव्हा तो आपणास बंधनकारक नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. पेशव्यांनी ते मानले नाही. भेट निष्फळ ठरली.

याच सुमारास साताऱ्यास राजाराम महाराजांच्या वृद्ध पत्नी ताराबाई पेशव्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. उमाबाईंनी त्यांचा पक्ष घेतला आणि दमाजी गायकवाडांना फौज देऊन त्यांच्या साह्यास पाठविले. सन १७५१ च्या वसंतात दमाजी साताऱ्याच्या बाजूस येऊन पोहोचले. आरंभी त्यांना यश मिळाले. परंतु लवकरच पारडे फिरले. नानासाहेब दूरच्या मोहिमेवरून मजल दरमजल करीत अतिशय थोड्या दिवसांत साताऱ्यास आले. त्यांनी दमाजींना कोंडीत पकडून कैद केले. उमाबाई व त्यांचे पुत्र यांच्यावरही कैदेत पडण्याची पाळी आली. ज्या घराण्याने तीन पिढ्या राज्याची सेवा केली, त्याच्या जहागिरी व अधिकार काढून घेण्यात आले.

पुढील वर्षी दमाजींनी पेशव्यांशी वेगळा करार केला. गुजरातचा अर्धा मुलूख त्यांनी पेशव्यांना दिला, दाभाड्यांची चाकरी सोडली आणि उरलेल्या गुजरातेचे ते स्वतंत्र सरदार झाले. उमाबाईंच्या दृष्टीने हा घाव पराभवापेक्षाही मोठा असला पाहिजे. पिलाजींच्या खुनानंतर ज्या घरासाठी त्या अहमदाबादेवर चालून गेल्या, तेच घर आता त्यांच्यापासून दूर झाले होते. २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला. तळेगावास त्यांची समाधी आहे.

उमाबाईंच्या अखेरच्या निर्णयाविषयी इतिहासात मतभेद आहेत. सर्व राज्याचा खर्च भागविण्यासाठी प्रत्येकाने आपला वाटा दिलाच पाहिजे, ही पेशव्यांची मागणी रास्त होती, असे काहींना वाटते. आपल्या घराण्याच्या रक्ताने मिळविलेल्या मुलखासाठी उमाबाई लढल्या, यात त्यांचे काय चुकले, असे दुसरे विचारतात. दोन्ही बाजू नीट समजावून घेऊन मगच मत बनवावे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य होय. परंतु काही गोष्टींविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. डभईच्या लढाईनंतर सूडाचा मार्ग मोकळा असूनही त्या त्या मार्गाने गेल्या नाहीत. पिलाजींचा घात झाला तेव्हा फौजेच्या पुढे होऊन त्या निघाल्या. सप्तशृंगीच्या कड्यावर अनोळखी यात्रेकरूंसाठी त्यांनी वाट सुकर करून दिली.

येसाजींनी दाभाडे हे नाव निष्ठेने उजळले, खंडेरावांनी ते पराक्रमाने वाढविले. उमाबाईंनी ते अत्यंत बिकट दिवसांत धीराने सांभाळले. जहागिरी गेल्या, अधिकार गेले, वाड्यांचे वैभवही ओसरले. तळेगावच्या नावापुढे मात्र दाभाडे हे आडनाव अजून तसेच आहे. ते उच्चारताना सेनापतींच्या बरोबरीने ही मानी, धैर्यवान आई आठवावी, एवढा तिचा अधिकार निश्चित आहे.